नव्या अक्षराचं तेल

काचेच्या बारीक नळीतून तेल खाली उतरत असतं, आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो एवढंच बघत बसायचं, अशी नोकरी जगात असते हे तिच्या सासरी कुणालाच खरं वाटलं नव्हतं. “म्हणजे तू दिवसभर तेल गळताना बघतेस?” लग्नाआधीच्या भेटीत नवऱ्यानं विचारलं होतं. “गळताना नाही, उतरताना,” ती म्हणाली, आणि तेही इतक्या हळू की त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं. तेव्हा तिचं नाव तेलबाई पडलं ते पडलंच.

नळ्या काचेच्या मोठ्या कुंडात उभ्या असायच्या. कुंडातला द्रव कायम तापलेला, पण इतका स्वच्छ की तिथं काही आहे असं वाटायचंच नाही. दुपारी खिडकीतून ऊन आत शिरलं की नळ्यांमधलं तेल मधासारखं उजळायचं, आणि तेलाबरोबर तीही कुठेतरी खोल उतरत जायची. आपण कोण, कुठे बसलोय, डब्यात भाजी कसली आहे, सगळं विरघळायचं. मात्र तेल खालच्या रेघेला टेकलं की अंगठा आपोआप घड्याळ बंद करायचा. तिची मोजणी कधी चुकली नाही. साहेब म्हणायचे, “ही बाई झोपेत काम करते आणि आम्ही जागेपणी चुका करतो.”

गाड्यांच्या तेलाला गोल शिक्का मिळायचा तो या प्रयोगशाळेचा अहवाल गेल्यावरच. शिक्क्याच्या मधोमध आकडे असतात. तेल गारठ्यात किती घट्ट आणि तापल्यावर किती, ते हे आकडे सांगतात. वरच्या कडेला अक्षरं असतात. इंजिनं बदलतात, कसोट्या कडक होतात, मग जुनं अक्षर निवृत्त होतं आणि त्याच्या पुढचं कामावर येतं. नियम असा की नव्या अक्षराचं तेल जुन्याचं सगळं काम करतं, वर आणखी थोडं. या नियमावर तिचा पूर्ण भरवसा होता. ज्याला आयुष्यात मोठ्यानं बोलता येत नाही त्याला असा एखादा छापील नियम फार बरा वाटतो.

सासऱ्यांची गाडी वयानं तिच्या नवऱ्यापेक्षा मोठी होती. बुटकी, गोल दिव्यांची, फिकट आभाळी रंगाची. नवरा म्हणायचा, “बाबांना मुलं दोन. त्यातली लाडकी बाहेर उभी असते.” सासरे ते हसून कबूल करायचे.

ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूबाई कधीच गेल्या होत्या. हे दोघे बापलेक खणखणीत आवाजाचे. साधं मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळावं. त्यात हिचं पुटपुटणं म्हणजे पंखा चालू असताना कुणी पान उलटावं तसं. पहिल्या सुट्टीच्या सकाळी सासऱ्यांनी किल्ली वाजवली आणि म्हणाले, “येतेस?” ती गेली. गोदामं मागे पडली, कालव्याचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना उंच झाडं. जाताना ते एक शब्द बोलले नाहीत, तीही बोलली नाही. बांधापाशी थर्मासमधला चहा प्यायले आणि परत आले. घराच्या दारात गाडी थांबवून ते म्हणाले, “छान गप्पा झाल्या.” त्या घरात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. त्यानंतर एकही सुट्टी चुकली नाही. आठवड्यातल्या त्या एवढ्या वेळात तिच्याकडून कुणाला काही नको असायचं, आणि त्यासाठी ती या माणसावर जीव टाकायची.

एकदा ते बॉनेट उघडून तेल भरत होते. तिची नजर त्यांच्या हातातल्या डब्यावर गेली.

“बाबा, हे अक्षर केव्हाच निवृत्त झालंय.”

“मीही झालोय. मला काढून टाकणार का?”

“तसं नाही हो. आता त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं तेल येतं.”

“आमच्या दोघांचं या तेलावर बरं चाललंय, सूनबाई.”

पण तिनं विषय लावून धरला. एरवी कशालाही मान हलवणारी ही बाई तेलाच्या बाबतीत मात्र हटून बसायची. भाजी चिरताना तेल, कपडे वाळत घालताना तेल. शेवटी सासऱ्यांच्या वाढदिवसाला तिनं स्वतःच डबा आणून समोर ठेवला. सगळ्यात नवं अक्षर. त्या तेलाची मोजणीही तिनंच केलेली. घट्टपणाचा आकडा मात्र तिनं जुनाच निवडला होता, कारण म्हाताऱ्या इंजिनाला पातळ तेल सोसत नाही एवढं ती जाणून होती. सासऱ्यांनी डबा उन्हात धरून गोल फिरवला. “घरचा शिक्का आहे म्हटल्यावर मी कोण बोलणार,” ते म्हणाले, आणि जुनं तेल काढून नवं ओतलं.

काही आठवडे गेले. एका सकाळी ते गाडीतून उतरले ते खुशीतच. “काय मऊ झालीय गं गाडी! पूर्वी कशी खडखडायची. आता आवाज म्हणून नाही.” मग काय, हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तिला दुसरं कुणी लागलंच नाही, तिची तीच चढली. त्या आठवड्यात कुंडाजवळ बसून ती मनातल्या मनात त्या मऊ गाडीतून फिरत राहिली. रस्ता तेलाचा होता आणि चाकं बुडत नव्हती.

मग ती सकाळ आली. हवेत धुकं होतं, काचेवर ऊन अडखळत येत होतं आणि तिला गाडीत डुलकी लागली होती. पापण्यांवरून झाडांच्या सावल्या सरकत होत्या. एक सावली गेली की टक. दुसरी गेली की टक. सावल्यांना आवाज असतो हे आजवर आपल्याला कसं कळलं नाही, याचं तिला त्या गुंगीत नवल वाटलं. फार गोड वाटत होतं. तेवढ्यात झाडं संपली, रस्ता मोकळ्यावर आला, तिच्या चेहऱ्यावर सलग ऊन पडलं. टकटक मात्र चालूच राहिली.

तिनं डोळे उघडले. आवाज समोरून, इंजिनाच्या वरच्या अंगाकडून येत होता. गाडीनं वेग घेतला की तोही घाई करायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

“बाबा, कसला आवाज येतोय?”

“अं?”

“आवाज!”

“तेच तर म्हणतोय, आवाजच नाही!” ते खुशीत म्हणाले.

तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला. लांबलचक, कर्कश, काचा थरथरतील असा. सासरे रस्त्याच्या मधून निवांत चालले होते. पुन्हा हॉर्न. तिनं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि कालव्याकडे बोट केलं. “हो, दिसले मला. किती बगळे आहेत बघ!” ट्रक एका बाजूनं जवळजवळ घासत पुढे गेला, चालकानं खिडकीतून हात नाचवून शिव्या दिल्या. सासरे दचकले आणि मग हसले. “काय माणसं असतात. हॉर्नसुद्धा देत नाहीत.”

गाडी मऊ झालीच नव्हती. उलट ती पूर्वीपेक्षा जास्त ओरडत होती, आणि मऊ झाले होते ते म्हाताऱ्याचे कान. बगळे खरंच पुष्कळ होते. पांढरे, एका पायावर उभे, कसलीच फिकीर नसलेले. घर येईपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती, ते मागे पडल्यावरही.

दुसऱ्या दिवशी चाकात हवा भरायचं निमित्त करून ती गाडी पुलाखालच्या गॅरेजात घेऊन गेली. तिथल्या मिस्त्रीला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचा आणि मूठ कानाशी धरून रोग सांगायचा. त्यानं इकडे तिकडे टोक टेकवलं आणि मान हलवली.

“कॅम खाल्लाय, ताई. पार झिजलाय.”

कॅम म्हणजे इंजिनात फिरणारा दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात, आणि ते आळीपाळीनं झडपा ढकलून उघडतात. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“तेल भेसळीचं असणार,” मिस्त्री म्हणाला. “हल्ली काय सांगता येत नाही.”

“नाही हो, डॉक्टर. तेल चांगलं आहे. सगळ्यात चांगलं.”

“मग हे कशानं झालं?”

तिनं बॉनेट मिटलं आणि किल्ली घेतली. दुपारी कुंडाजवळ बसल्यावर उत्तर तिला आपोआप सापडलं. तेल उतरत होतं, ऊन उतरत होतं, आणि त्या उजेडात तिला उंचवटे दिसले, सावकाश फिरणारे. नव्या इंजिनांत बहुतेक उंचवट्यांखाली छोटं चाक असतं, ते घरंगळतं. सासऱ्यांच्या गाडीत सपाट टिकली होती, तिच्यावर उंचवटा घासतच फिरायचा. त्या घासण्यात दोघांच्या मधे थर धरायचं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरस. नव्या अक्षरांनी तेच कमी केलं होतं, कारण त्यानं धूर शुद्ध करणारा डबा निकामी होतो. आणि या गाडीला तसला डबा कधी नव्हताच. नवं तेल जुन्याचं सगळं काम करतं, या नियमात खोट नव्हती. पण तो ज्या इंजिनांवर घासूनपुसून पाहिला होता, त्यांत इतकं म्हातारं इंजिन कुणी बसवलं नव्हतं. हे सगळं तिच्या वाचनात आलेलं होतं. आपलं अक्षर सगळ्यात चांगलं असावं असं तिला वाटत होतं, म्हणून तिनं ते कानामागे टाकलं होतं. अशी चूक पानवाला करणार नाही, शाळामास्तर करणार नाही. ती करायला तेलबाईच लागते. तिला इतकी लाज वाटली की त्या दिवशी पहिल्यांदाच अंगठा उशिरा पडला आणि मोजणी पुन्हा घ्यावी लागली.

तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. टकटक सांगायची तर बाबांचं “मला कशी ऐकू आली नाही?” हे ओघानं आलंच. आणि ते आलं की किल्ली गेली.

ती गप्प राहिली तरी प्रश्न काही गप्प राहिला नाही. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना नवऱ्यानं आतल्या खोलीकडे बघितलं. तिथं टीव्ही भिंती हलवत होता.

“बाबांना ऐकू कमी येतंय का गं?”

ती उशीचा अभ्रा दुमडत राहिली.

“विचारलं की चिडतात. म्हणतात, लोक पुटपुटतात. मला भीती वाटते. ते किल्ली घेऊन निघाले की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.” त्यानं अभ्र्याचं दुसरं टोक धरलं. “तू बसतेस त्यांच्या शेजारी. तू तेलाला देतेस तसा एक दाखला त्यांना दे. बरं चालवतात असं तू म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही म्हणालीस तर गाडी भंगारात देऊ आणि तो विषयच संपवू. या सुट्टीला बघ आणि सांग.”

“बघते,” ती म्हणाली.

खोटं बोलणं सोपं होतं. एक शब्द, तोही हळू. पण डोळे मिटले की ट्रक दिसायचा. आणि खरं बोललं की रिकामा रस्ता दिसायचा, त्यावर सावल्या सरकताहेत आणि खालून जाणारं कुणी नाही. त्या रात्री ती स्वप्नातही तेलच मोजत होती. ते उतरायचं थांबलं होतं आणि तिला घड्याळ बंद करता येत नव्हतं.

सुट्टीच्या सकाळी सासरे इंजिन चालू करून तिची वाट बघत होते. ती बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन. पण ती गाडीत बसली नाही. तिनं डिकीतून त्यांचा लांब पेचकस काढला, बॉनेट उघडलं आणि त्यांना बाहेर यायची खूण केली.

“काय गं, तूही डॉक्टर झालीस की काय?” म्हणत ते उतरले. तिनं पेचकस त्यांच्या हातात दिला. कौतुकानं हसत त्यांनी टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ कानाच्या भोकाशी धरली. “बघ. शांत. तुझंच तेल आहे.”

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि मूठ कानापासून सरकवून मागच्या हाडावर टेकवली, घट्ट. कान दगा देतो तेव्हाही हाड आवाज आत पोचवतं.

सासऱ्यांचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्यांनी डोळे मिटले. जिवाचा कान करून ते कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. जणू ते कुठल्या लांबच्या गावाहून आलेला निरोप ऐकत होते. मग त्यांनी पेचकस उचलला, पाहिलं, पुन्हा टेकवला.

“एवढी ओरडतेय ती,” ते म्हणाले. “एवढी ओरडतेय, आणि मी तिच्यात बसून बगळे मोजत होतो.”

“तेल माझं चुकलं, बाबा.”

“अं?”

“तेल माझं चुकलं!”

“मोठ्यानं बोल गं. इंजिन चालू आहे.” मग ते थांबले, आणि त्यांचं त्यांनाच कळलं. “नाही. इंजिनाचं काही नाही. मोठ्यानं बोल.”

आणि ज्या बाईचा आवाज तिच्या लग्नातही कुणाला ऐकू गेला नव्हता, ती भर गल्लीत उभी राहून ओरडली, “माझं तेल चुकलं! मी नवं अक्षर नवं म्हणून आणलं! तिला जुनंच हवं होतं! कॅम गेलाय, तो माझ्यामुळे!” समोरच्या गच्चीवरच्या बाई हातात ओला टॉवेल तसाच धरून बघत राहिल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ओरडताना ते पुसता येत नाही.

सासऱ्यांनी बॉनेट हळूच मिटलं. “कधीपासून ऐकतेयस?”

“गेल्या सुट्टीपासून!”

“आणि बोलली नाहीस.”

“तुम्ही म्हणत होतात, गाडी मऊ झाली!”

तिनं पिशवीतून डबा काढून समोर केला. जुन्या इंजिनांसाठी वेगळं बनवतात ते तेल होतं, जस्त भरपूर असलेलं. त्यांनी डबा गोल फिरवला, उलटा केला.

“शिक्का कुठाय?”

“नाहीये! याला मिळत नाही!”

“तरी हेच?”

“तरी हेच!”

“बरं. डॉक्टरकडे ओतून घेऊ. कॅम मिळाला तर बदलू, नाही मिळाला तर…” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “तुझ्या नवऱ्याला मीच सांगतो. तुझं तेल आणि माझे कान, दोन्ही. दाखलाबिखला काही द्यायचा नाहीस तू. त्यानं मागितला असणार, मी ओळखतो माझ्या पोराला.”

मग ते गाडीच्या पुढून वळसा घालून आले आणि जिथं ती नेहमी बसायची ते दार उघडून आत बसले. तिला काय करावं कळेना. त्यांनी स्टिअरिंगकडे हात केला. तिला चालवता येत होतं, पण ते शेजारी असताना त्या बाजूला ती कधी बसली नव्हती. सीट पुढे ओढली, तरी आरशात सासऱ्यांच्या उंचीचा रस्ता दिसत होता. तो तिनं आपल्या उंचीला आणला. सासरे मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. पहिल्यांदा शाळेत निघालेल्या मुलासारखे ते नीट बसले होते.

गाडी गोदामांवरून पुढे गेली. ते गप्प होते, पण ही नेहमीची शांतता नव्हती, आणि ती तिला सोसवेना.

कालव्याच्या वळणाला ते म्हणाले, “काय ऐकू येतंय?”

“टकटक!”

“ते कळलं गं मला. बाकीचं सांग.”

तिनं काच खाली केली. “पाणी! कालव्याच्या फळीखालून पाणी पडतंय! लांब पंप चालू आहे! कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय, उगीचच! पक्षी आहे एक, मला नाव माहीत नाही, दोनदा शीळ घालतो आणि थांबतो!”

“थांबतो तेव्हा काय होतं?”

“पानं वाजतात!”

सासऱ्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली. त्यांच्या पापण्यांवरून सावल्या सरकत होत्या. ती सांगत राहिली: कुणी मुलाला हाक मारतंय, मूल ओ देत नाहीये, आता दिली, कुत्रं भुंकतंय, पण मनापासून नाही. बांधाजवळ येईपर्यंत तिचा घसा पार बसला. “आणखी,” ते डोळे न उघडता म्हणाले, आणि तिनं आणखी सांगितलं.